दिलेला प्रवेश परत घेता येतो काय?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात, तरण्या पावसाची झड लागलेली असताना, एके दिवशी संध्याकाळी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांना बरोबर घेऊन माझ्या घरी आला. दोघेही चिंब भिजलेले होते. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदांची फाईल मात्र त्यांनी कोरडी ठेवली होती. मुलाने पी. यू.ची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन परगावच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता. शुल्क भरले होते, मूळ दाखले जमा केले होते, वसतिगृहासाठी गादी आणि पेटीही खरेदी झाली होती. वर्ग सुरू होण्यास थोडे दिवस उरले असताना महाविद्यालयाकडून दोन ओळींचे पत्र आले की, तांत्रिक कारणास्तव आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे. ते कारण कोणते, चूक कोणाची, भरलेल्या पैशांचे काय, यांविषयी पत्रात अवाक्षर नव्हते.

वडील म्हणाले, "जाऊ दे सर, नशिबात नव्हतं म्हणायचं. एवढ्या मोठ्या संस्थेशी आपण कुठं भांडत बसणार?" सांगण्यास संकोच वाटतो, पण मीही त्या दिवशी त्यांना हेच सांगितले की, थोडे थांबा, चूक लक्षात येताच ते आपण होऊन कळवतील. माझ्या या शहाणपणापायी अकरा दिवस वाया गेले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण लवकरच ही शाळा सोडून जातील. कोणी कोल्हापूर-पुण्यास, कोणी धारवाडास, तर कोणी त्याहूनही दूर जाईल. आपल्या घरांतून प्रवेशाकडे पाहण्याची एक जुनी रीत आहे. कॉलेजाने घेतले तर उपकार झाले, न घेतले तर दैव आडवे आले! माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. अर्ज मागवणे, गुणवत्ता यादी लावणे, नाव जाहीर करणे, शुल्क घेऊन पावती देणे, या सर्व पायऱ्या चढून झाल्यावर संस्थेने दिलेला प्रवेश हा तिने दिलेला शब्द असतो. तो मोडायचा असेल तर तिला कारण सांगावे लागते, आणि ज्याचा प्रवेश जाणार त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. हे नुसते माझे मत नाही. आपला कायदाही बव्हंशी याच बाजूचा आहे. 'बव्हंशी' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, कारण कायद्याचे हे छत्र सर्वांवर सारखे धरले जात नाही.

प्रथम कराराचा विचार करू. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे, पुढे केलेला प्रस्ताव समोरच्याने तो स्वीकारल्याचे कळवेपर्यंतच मागे घेता येतो, त्यानंतर नाही. महाविद्यालयाने जागा देऊ केली आणि तुम्ही मुदतीत शुल्क भरून ती पत्करली, की व्यवहार पुरा झाला, असे सामान्यपणे म्हणता येईल. पण येथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, प्रवेशपत्रावर 'तात्पुरता' हा शब्द असेल, किंवा अमुक दाखला अमुक तारखेपर्यंत न दिल्यास प्रवेश रद्द होईल अशी अट असेल, तर ती अट त्या शब्दाचाच भाग ठरते. आपण ते बारीक अक्षर वाचत नाही, हा आपला दोष. दुसरा खळगा वयाचा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कलकत्त्याच्या एका गहाणखताच्या खटल्यात दिला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. बारावीनंतर प्रवेश घेणारा विद्यार्थी पुष्कळदा सतरा वर्षांचाच असतो. म्हणून अर्जावर आणि हमीपत्रावर पालकांची सही घेतात, तिला नुसता शिष्टाचार समजू नये. अर्थात कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयात दावा लावून प्रवेश परत मिळवीन म्हणणाऱ्याचे शैक्षणिक वर्ष निकालापूर्वीच संपून जाईल. भरपाई मागण्यास तो मार्ग ठीक. वर्ष वाचवण्यास नव्हे.

वर्ष वाचवणारा मार्ग म्हणजे राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात करावयाचा रिट अर्ज. सरकारी महाविद्यालय किंवा विद्यापीठ असेल तर १४ वा अनुच्छेद त्यास बांधून घालतो. त्यास मनमानी करता येत नाही, आणि म्हणणे ऐकून न घेता कोणाचे नुकसान करता येत नाही. यालाच नैसर्गिक न्यायाचे तत्त्व म्हणतात. खाजगी संस्थेचे काय, असा प्रश्न येईल. याचे उत्तर अहमदाबादेच्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या प्रकरणातून मिळाले. ते महाविद्यालय चालवणारा न्यास खाजगी होता आणि महाविद्यालय गुजरात विद्यापीठाशी संलग्न होते. तेथील अध्यापकांनी आपल्या थकलेल्या देण्यांसाठी दाद मागितली, तेव्हा १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक कर्तव्य करणाऱ्या संस्थेविरुद्ध, ती खाजगी असली तरी, उच्च न्यायालय आदेश काढू शकते. भांडण गुरुजनांचे होते, पण त्याचा लाभ शिष्यांनाही झाला!

प्रवेश देऊन बसल्यावर संस्थेस मागे फिरता येते काय, याविषयी काही जुने निर्णय अवश्य लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कुरुक्षेत्र विद्यापीठाने कायद्याच्या एका विद्यार्थ्यास परीक्षेस बसू दिले आणि मागाहून, त्याची हजेरी कमी होती असे म्हणून, त्याची उमेदवारी रद्द केली. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. तपासणी करावयाची ती परीक्षेस बसू देण्यापूर्वी करावयाची. कागदपत्रे हाताशी असताना विद्यापीठ झोपले असेल, तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यास नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. ओडिशातील बेऱ्हामपूर विद्यापीठाने कायद्याच्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे निकाल, तो मुळात पात्रच नव्हता असे सांगून, अडवून ठेवले. त्याने तर आपले गुणपत्रक अर्जासोबतच जोडले होते. लपवले काहीच नव्हते. १९९० साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ज्याच्या वागण्यावर विसंबून दुसऱ्याने आपली पावले टाकली, त्याला मागाहून शब्द फिरवता येत नाही, या तत्त्वास कायद्यात प्रतिबंधाचे तत्त्व म्हणतात.

आपल्या शेजारच्या धारवाडचे प्रकरण याहून विलक्षण आहे. कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या काही खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांनी परप्रांतांतील विद्यार्थ्यांकडून देणग्या घेऊन त्यांस प्रवेश दिले. नियमांप्रमाणे ते विद्यार्थी पात्र नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली तसाच निर्णय दिला. तरीदेखील त्यांचे शिक्षण पुढे चालू ठेवण्यास न्यायालयाने परवानगी दिली. कारण अपात्रता ठाऊक असून देणगीच्या लोभाने प्रवेश देणारे चालकच खरे दोषी, त्यांच्या पापाचे फळ मुलांनी का भोगावे, असा न्यायालयाचा विचार होता. हा निर्णय वाचून कोणी फार हुरळून जाऊ नये. नंतरच्या काळात न्यायालयांनी ही वाट सहजी मोकळी ठेवलेली नाही. विशेषतः खोट्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेश टिकत नाही. महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्रांच्या कायद्यासंबंधी २०१७ साली दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जातीचा दावा अमान्य ठरला की त्या आधारे मिळालेले लाभही जातात. मनात लबाडी नव्हती, एवढ्याने ते वाचत नाहीत. म्हणून अर्ज भरताना एकही रकाना अंदाजाने भरू नये. संस्थेने चूक केली तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहण्याचा संभव आहे; चूक तुमची असेल तर तो संभव फारच थोडा.

आता अलीकडच्या दोन प्रकरणांकडे वळतो. या दोन्ही ठिकाणी संस्थेने जागा दिली होती, आणि शुल्क वेळेवर न पोचल्यामुळे ती गेली. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्यास मुंबईच्या आय. आय. टी.त स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली होती. त्याने पैसे भरण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न केला. संगणकीय व्यवस्थेतून ते गेलेच नाहीत. मुदत टळली, जागा गेली. त्या वर्षीचे प्रवेशाचे काम खरगपूरच्या संस्थेकडे होते, म्हणून तो स्वतः खरगपूरला गेला. तेथून रिकाम्या हाताने परतला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या न्यायालयाने, इतर कोणाची जागा न काढता, अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्यास जागा देण्याचा आदेश दिला.

दुसरे प्रकरण २०२४ चे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या मुलास धनबादच्या आय. आय. टी.त विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. १७,५०० रुपये भरावयाचे होते आणि २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजता मुदत संपत होती. घरच्यांनी गावात हात पसरून रक्कम उभी केली, पण ती भरण्यापूर्वीच पाच वाजले. मग जी पायपीट सुरू झाली ती वाचून मन विषण्ण होते. आधी अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय आयोगाकडे. मग झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे. परीक्षा मद्रासच्या संस्थेने घेतली होती म्हणून तेथून मद्रास उच्च न्यायालयाकडे. आणि शेवटी दिल्लीस. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्यास प्रवेश देण्याचा आदेश दिला. तीन महिने आणि सहा दिवस लागले.

हे निकाल ऐकून आनंद वाटतोच. पण मला त्यांत एक शल्यही जाणवते. दोन्ही ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदातील असाधारण अधिकार वापरला. पूर्ण न्याय करण्यासाठी दिलेला हा अधिकार फक्त त्याच न्यायालयास आहे. उच्च न्यायालयास तो नाही. म्हणजे नियमाने जे मिळाले नाही ते करुणेने मिळाले. ज्या बापास दिल्लीची वाट सापडली नाही, त्याच्या मुलाचे काय झाले असेल? थोडासा उशीर झाला म्हणून देशातील अग्रगण्य संस्थेचे दार बंद व्हावे, आणि ते उघडण्यासाठी देशातील सर्वांत मोठ्या न्यायाधीशास उठावे लागावे, ही व्यवस्था सुदृढ म्हणता येणार नाही. सबळ कारण दाखवणाऱ्यास चार दिवसांची सवलत देण्याचा अधिकार प्रवेश समितीसच का असू नये?

वैद्यकीय प्रवेशांपुरती अशी थोडीफार घडी १३ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने बसली आहे. त्यापूर्वी २०१४ मधील एका निर्णयाचा रोख असा होता की, अन्याय झाला तरी मुदतीनंतर प्रवेश नाही. मिळाली तर नुकसानभरपाई. २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे बदलले. विद्यार्थ्याची स्वतःची काही चूक नसेल, त्याने विलंब न लावता दाद मागितली असेल आणि नियम मोडून त्यास डावलले गेल्याचे दिसत असेल, तर अपवादात्मक प्रसंगी न्यायालय त्याच वर्षी, शेवटच्या तारखेनंतर महिनाभराच्या आत, प्रवेश देववू शकते. तेही जमण्यासारखे नसेल तर पुढच्या वर्षी. शिवाय भरपाईही देववू शकते. यातील 'विलंब न लावता' हे शब्द वाचताना माझे ते अकरा दिवस मला आठवतात.

न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीचा एक मार्ग आहे, आणि तो आपल्या लोकांस फारसा माहीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसंबंधी नियम केले आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो. समितीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा; तो न पटल्यास विद्यार्थ्याने पंधरा दिवसांत लोकपालाकडे जावयाचे, आणि लोकपालाने तीस दिवसांत प्रकरण मिटवावयाचे. ज्याचा प्रवेश अद्याप व्हावयाचा आहे असा अर्जदारदेखील तेथे तक्रार करू शकतो. जाहीर केलेल्या धोरणाविरुद्ध प्रवेश नाकारणे आणि मूळ दाखले अडकवून ठेवणे या दोन्ही गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत स्पष्ट घातलेल्या आहेत. संस्थेने आपली माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या निदान साठ दिवस आधी प्रसिद्ध करावी, असेही त्यात आहे. ही पुस्तिका उतरवून घेऊन जपून ठेवावी. भांडणाच्या वेळी तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. ग्राहक न्यायालयाचे नाव पुष्कळजण घेतात, पण शिक्षण ही 'सेवा' होते की नाही याविषयीच मतभेद असल्यामुळे त्या वाटेचा मी भरवसा देणार नाही.

वकिलाचा खर्च परवडणार नाही, म्हणून गप्प बसणारे पालक पुष्कळ. त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमाने मोफत वकील मिळण्यास जे पात्र ठरतात, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, स्त्रिया आहेत आणि मुलेही आहेत. यांपैकी कोणासही उत्पन्नाची अट नाही. याचा अर्थ आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीस, ती कोणत्याही घरची असो, हा हक्क आहे. आणि अठरा पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलासही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. इतके सोपे असून वर्षानुवर्षे मी हे माझ्या वर्गात कधी सांगितले नव्हते.

सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांपुढे आणखी एक प्रश्न असतो : जावयाचे कोणत्या उच्च न्यायालयात? बेळगावच्या मुलास धारवाडचे खंडपीठ जवळचे, गोव्याच्या मुलास पर्वरीचे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांस आपापल्या गावचे. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपासून, तक्रारीचे कारण अंशतः जेथे घडले तेथील उच्च न्यायालयातही अर्ज करता येतो. तथापि रद्द केल्याचे पत्र आपल्या घरी येऊन पडले, एवढ्याने आपल्या गावचे न्यायालय तो अर्ज ऐकेलच असे धरून चालू नये. महाविद्यालय जेथे आहे तेथील न्यायालय हीच बहुधा निर्धोक वाट. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरातही बसू लागले आहे. तिकडे शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलांना आता मुंबई गाठावी लागणार नाही.

असो. त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. बाराव्या दिवशी आम्ही तिघांनी बसून पत्र लिहिले. पुस्तिकेतील नियम, यादीतील क्रमांक, पावतीची तारीख, सारे त्यात घातले. रद्द करण्याचे कारण लेखी कळवावे आणि आमचे म्हणणे ऐकावे, एवढेच मागितले. टपालाने पाठवले, ई-मेलनेही पाठवले. त्या महाविद्यालयाचे उत्तर सहा दिवसांत आले. मंजूर जागांपेक्षा चार प्रवेश अधिक दिले गेले होते, म्हणून यादीतील शेवटच्या चौघांची नावे काढली, असे त्यात होते. चूक कार्यालयाची होती, हेही त्यांनी लिहून दिले. विधी सेवा कार्यालयातील वकीलबाईंनी कागद पाहून सांगितले की, प्रकरण बळकट आहे, पण विद्यापीठाची प्रवेशाची शेवटची तारीख परवाच उलटून गेली. तुम्ही पहिल्याच आठवड्यात आला असतात तर बरे झाले असते. शुल्क पूर्ण परत मिळाले, दाखलेही आले. मुलगा विलंब शुल्क भरून येथेच बी. एस्सी.स दाखल झाला आहे. बाकीच्या तिघांपैकी दोघांचे काय झाले ते आम्हांस कळले नाही. तिसरी एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी पत्र हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेखी हरकत घेतली होती, आणि तिला त्याच महाविद्यालयात दुसऱ्या शाखेत जागा मिळाली.